वाचकांचे प्रश्न : बॅकअप होता, तोही गेला

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. २०२१ च्या पुरात कॉम्प्युटर पाण्यात गेला, तेव्हापासून सगळ्याचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेते. विसरायला नको म्हणून ती मशीनला कायम जोडलेली असते. गेल्या आठवड्यात सकाळी बघते तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढे भलतीच अक्षरं आणि पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. हार्ड डिस्कवरही तेच! आदल्या रात्री मुलाने फोटोशॉप फुकट उतरवलं होतं. अँटिव्हायरस असताना हे झालंच कसं? मशीन फॉरमॅट करू की पैसे भरू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. आधी इंटरनेटची वायर आणि ती डिस्क काढा. मशीनमधली हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या, तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा. दुकान चालवायला नवी डिस्क (एसएसडी) टाका. तुमच्या फायली कुलूपबंद झाल्यात, पुसल्या गेलेल्या नाहीत. फायलींना असं कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या पुढे पोलिसांच्या किंवा संशोधकांच्या हाती लागल्या आहेत. डिस्क फॉरमॅट केलीत, तर उद्या किल्ली मिळूनही उपयोग नाही.

किल्ली आली आहे का, ते ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर बघा. डच पोलीस, युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं, पैसे पडत नाहीत. ती चिठ्ठी आणि कुलूपबंद झालेल्या दोन फायली तिथे द्यायच्या. त्या फायली पत्रिकेच्या डिझाइनच्या निवडा. गिऱ्हाइकाचा सातबारा किंवा आधार कार्ड चढवू नका. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवा.

पैसे भरून फायली मिळतीलच असं नाही. जून २०१७ मध्ये न्हावा-शेवा बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प केलं. तिथेही पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. पण तिच्यातला ओळख क्रमांक कसाही जुळवलेला होता. पैसे घेणाऱ्यालासुद्धा त्यावरून कुलूप उघडता आलं नसतं.

त्याच मर्स्कची पुढची हकीकत तुमच्या हार्ड डिस्कबद्दल आहे असं समजा. जगभरच्या कार्यालयांतले त्यांचे मुख्य सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, आणि सगळे जोडलेले म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! त्याच्यावरचा डेटा विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनी पुन्हा उभी केली.

म्हणून डिस्क दोन घ्या. शनिवारी एकीवर कॉपी करा, वायर काढा, घरी न्या; पुढच्या शनिवारी दुसरी. घरी वरच्या मजल्यावर ठेवा. वाशिष्ठी नदी दुकानात शिरली तरी एक डिस्क कोरडी राहते आणि व्हायरस शिरला तरी तीच डिस्क त्याच्या हाती लागत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-दोन फायली उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

अँटिव्हायरसचं म्हणाल, तर क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना मोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबरोबर बहुतेक वेळा एक सूचना असते : इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मुलाने तेच केलं असणार. त्याला रागावू नका, दुकानाला मदत व्हावी म्हणूनच त्याने ते उतरवलं. फोटोंसाठी गिंप, पत्रिकांसाठी इंकस्केप त्याला शिकवा. दोन्ही फुकट आणि अधिकृत आहेत, मराठी युनिकोडही चालतं. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर फोल्डरच्या चिन्हाला छोटा बाण दिसला, तर त्यावर क्लिक करायचं नाही, हेही सांगून ठेवा.

प्रश्न : पावसात आमच्याकडे लाइट सारखी ये-जा करते. कॉम्प्युटरला स्टॅबिलायझर पुरेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. तो व्होल्टेज सांभाळतो; लाइट गेली की मशीन बंद पडणारच, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना ती गेली तर फाइल खराब होऊ शकते. लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा यूपीएस घ्या, बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, त्याचा हीटर खूप लोड घेतो. विजा चमकू लागल्या की प्लग काढाच, पण छपरावरून येणारी नेटची तांब्याची केबलही काढा. माझ्याकडे पावसाळ्यात येणारे जळके मदरबोर्ड पुष्कळदा त्या केबलमुळेच गेलेले असतात. आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये पार कोरडा पडतो. वळवाचा पाऊस येण्याआधीपासून त्यात पाणी ओतत राहा.