ड्रमर दोघांचा एकच

बँडवाल्यांचे प्रश्न, या वेळचा विषय: साइड प्रोजेक्ट

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या बँडांचे शो थांबतात आणि भांडणं सुरू होतात. मैदानं चिखलात, कॉलेजची गॅदरिंगं लांब, हाताला काम नाही. मग कुणीतरी दुसऱ्याच कुणाबरोबर वाजवायला बसतो आणि तिसऱ्याला ते इन्स्टावरून कळतं. या वेळची बहुतेक पत्रं त्याच दुखण्याची आहेत. नावं छापत नाही. गाव लहान आहे आणि त्यात ड्रमर मोजकेच.

दादा, आमचा चौघांचा बँड आहे, मी गातो. आमच्या गिटारिस्टनं एका मुलीबरोबर वेगळा प्रोजेक्ट काढला. म्हणाला, 'ते इलेक्ट्रॉनिक आहे, आपल्याशी संबंध नाही.' परवा त्यांची रील बघितली तर मागं ड्रमवर आमचाच ड्रमर! बासवाला म्हणतो, आता बँडमध्ये आपण दोघंच उरलो. याला साइड प्रोजेक्ट म्हणायचं, की आम्हाला काढलं म्हणायचं?
*एक गायक, राजारामपुरी*

गड्या, गिटारिस्ट बाहेर गेला याचा तुला राग नाही. तो ड्रमरला बरोबर घेऊन गेला, याचा आहे. आणि तो राग खोटा नाही. एकटा माणूस बाहेर वाजवून आला तर बँडचं काही बिघडत नाही. दोघं गेले की मागं राहिलेले डोकी मोजायला लागतात.

गिटारिस्टची बाजू आधी घेतो, कारण ती घेण्यासारखी आहे. मुंबईच्या पेंटाग्रामचा गिटारिस्ट रँडॉल्फ कोरिया मोनिका डोग्राबरोबर 'शायर अँड फंक' म्हणून अगदी असंच इलेक्ट्रॉनिक काम करत होता. त्याच बँडचा गायक विशाल ददलानी शेखरबरोबर हिंदी सिनेमांना चाली देत होता. दोघांचे दोन संसार, तरी २०११ मध्ये पेंटाग्रामचा अल्बम आला. म्हणजे बाहेर गेलेला माणूस परत येत नाही, असं काही नाही.

तुझ्या दुखण्याला जास्त जवळचं उदाहरण रेडिओहेड या इंग्लंडच्या बँडचं. थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड, म्हणजे गायक आणि लीड गिटारिस्ट, दोघांनी मिळून 'द स्माइल' हा वेगळा बँड काढला. २०२२ मध्ये पहिला अल्बम, २०२४ मध्ये आणखी दोन. रेडिओहेडचा स्वतःचा शेवटचा अल्बम मात्र २०१६ चा. जगभरचे चाहते तेव्हा तुझाच प्रश्न विचारत होते. पण ऐकायला बसलं की फरक कानाला लागतो, कारण त्यांनी ड्रमर बाहेरचा घेतला. टॉम स्किनर जॅझकडून आलेला माणूस. त्याचे हात वेगळे पडतात, म्हणून त्याच दोघांची गाणी वेगळी उभी राहतात. मागं राहिलेलेही हातावर हात ठेवून बसले नव्हते. एड ओब्रायननं २०२० मध्ये स्वतःचा अल्बम केला, आणि ड्रमर फिल सेल्वे तर २०१० पासून एकट्याचे अल्बम करतोय. २०२५ च्या शेवटी पाचही जण पुन्हा युरोपात एका स्टेजवर उभे राहिले.

तर तुला विचारायचा प्रश्न असा: त्या रीलमधलं गाणं तुमच्या बँडमध्ये वाजलं असतं का? नसतं, तर त्याला वाजवू दे. त्याच्या डोक्यात जे साठलंय त्याला वाट हवी, नाहीतर तो तुमच्या गाण्यांत सिंथ घुसडत बसेल. पण गिटार तीच, ड्रम तेच, फक्त गळा बदललाय, असं असेल तर ते साइड प्रोजेक्ट नव्हे. मग तुला घरी बसवलंय, आणि हे त्यानं तोंडावर सांगायला पाहिजे होतं.

कुणी सल्ला देईल, मग सगळेच काढा, समान न्याय. किस या अमेरिकन बँडनं तेही करून बघितलंय. १८ सप्टेंबर १९७८ ला चौघांचे चार स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी बाजारात. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. १९८० मध्ये ड्रमर गेला, १९८२ मध्ये लीड गिटारिस्ट. आतली कुरबुर बोलून मिटवायची सोडून अल्बम वाटले तर दुसरं काय होणार?

मला पटतं ते जेनेसिस या बँडचं. १९८१ मध्ये फिल कॉलिन्सचा स्वतःचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी बँडचाही आला. १९८५ मध्ये कॉलिन्सचा आणखी एक आणि माइक रदरफोर्डचा 'माइक अँड द मेकॅनिक्स'. मग १९८६ मध्ये सगळे परत एकत्र, आणि त्या वर्षीचा अल्बम बँडचा सगळ्यात जास्त खपलेला ठरला. थोडक्यात, बाहेरचं काम बाहेरच्या वेळेत आणि बँडचं बँडच्या.

आपल्याकडं हे कसं जमवायचं? उद्यमनगरातल्या आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत, लेथच्या शेडला लागून, दाराच्या मागं कालनिर्णय टांगलेलं असतं. बँडच्या तारखा निळ्या पेननं, ज्याच्या त्याच्या बाहेरच्या लाल पेननं. आधी लिहिलेली तारीख पक्की, मग समोरून कितीही मोठी सुपारी येऊ दे. पेन्सिलीनं लिहिलेली दोन दिवसांत पेननं गिरवली नाही तर पुसायची. मोबाइलमध्येही हे करता येतं, पण मोबाइलवरचं कुणी बघत नाही. भिंतीवरचं लाल दिसतं. डिसेंबरच्या पानावर ड्रमरचं लाल एवढं होतं की उपास आणि अमावस्या शोधाव्या लागतात, आणि मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं होतं. कुणाला काही बोलावं लागत नाही.

आणि बोलायचंच झालं तर आधी ड्रमरशी बोल. गिटारिस्टकडं त्याचं कारण तयार असणार. ड्रमर बिचारा बहुतेक वेळा 'बोलावलं म्हणून गेलो' या गटातला असतो. रंकाळ्यावर घेऊन जा, चहा पाज. मिसळीवर बसून हा विषय काढू नको, तिखटात माणूस लवकर तापतो.

मी बँडमध्ये ड्रम आणि ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. गावजत्रा, हळदी, नवरात्र, सगळीकडं जातो, कारण रात्रीचे पैसे रात्री हातात पडतात. बँडची पोरं 'ऑर्केस्ट्रावाला आला' म्हणून चिडवतात. आता म्हणतात, तुझ्यामुळं आमचा फील बिघडतोय. ऑर्केस्ट्रा सोडू का?
*एक ड्रमर, इचलकरंजी*

अजिबात सोडू नको. त्या पोरांना एकदा गावजत्रेच्या स्टेजवर उभं कर. गायिका ऐनवेळी पट्टी बदलते, सरपंच मधेच सत्काराला माइक मागतात, वन्समोअर अंतऱ्यापासून घ्यायचा की मुखड्यापासून हे नजरेच्या खुणेवर ठरतं, आणि तेवढ्यात ढोलकीचा पॅच काढून हलगीचा लावायचा असतो. हे ज्याला जमतं त्याला बँडच्या चार गाण्यांच्या सेटमध्ये घाम फुटत नाही. आणि बँडच्या खोलीचं भाडं वेळेवर देणारा तूच असणार, हे मी पैजेवर सांगतो.

आता त्यांच्या बोलण्यातलं खरं तेवढं घे. ऑक्टोपॅड उभ्यानं वाजतो, आठही पॅड हाताच्या अंतरावर, आवाज मशिनचा. हळू मारलं काय नि जोरात काय, साउंडवाला सगळं सारखं करून टाकतो. सीझनभर हेच वाजवलं की किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, पाय झोपतो आणि स्नेअरवरचे बारीक घाव जातात. म्हणजे फील बिघडतो तो पायामुळं, जत्रेमुळं नाही. सीझनमध्ये रोज थोडा वेळ नुसत्या किक आणि हायहॅटवर बस, क्लिक (लय धरणारी टिकटिक) लावून, संथ लयीत. गवंड्यानं ओळंबा लावावा तसा पाय क्लिकला लावून बघ.

डेव्ह ग्रोलचं माहीत असेल. फू फायटर्स या बँडचा पुढारी, गायक, गिटारिस्ट. बँडच्या नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग मनासारखं होईना, तेव्हा ते बाजूला ठेवून हा क्वीन्स ऑफ द स्टोन एज या दुसऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवायला गेला. त्यांचा २००२ चा अल्बम त्याच्याच हातचा आहे, त्यांच्याबरोबर तो दौऱ्यावरही गेला. परत आल्यावर बँडनं बहुतेक सगळा अल्बम पुन्हा रेकॉर्ड केला आणि त्याच वर्षी बाहेर काढला. तुझ्या बँडवाल्यांना हे सांग. ऑर्केस्ट्राचं नाव काढलं की नाक मुरडणारी माणसं इंग्रजी उदाहरण दिलं की ऐकतात, असा आपला अनुभव आहे.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बँड होता तोवर आम्ही गप्प होतो. आता म्हणतो, बँडमधून वेळ काढून साइड प्रोजेक्ट करतोय. साहेब, मग मूळ प्रोजेक्ट कोणता? कॉलेजात सबमिट करायचाय तो कितव्या नंबरला?
*एक वडील, शिवाजी पेठ*

काका, इंडियन ओशन बँडचा बास वाजवणारा राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा डॉक्टरेट आहे. हे उदाहरण मुलाला जरूर द्या. क्वीन बँडच्या ब्रायन मेचं मात्र देऊ नका. त्यानं सत्तरच्या दशकात खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धी सोडली आणि २००७ मध्ये पुरी केली. पोरगं तेवढीच मुदत मागेल.

माझं एक गाणं बँडनं नाकारलं. शब्द माझे, चाल माझी, पण सुरुवातीचा रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) गिटारिस्टनं प्रॅक्टिसमध्ये बसवला होता. आता तेच गाणं दुसऱ्या मित्राबरोबर काढतोय, तर बँडवाले म्हणतात ते बँडचं आहे. नाकारलेलं गाणं बँडचं कसं?
*जयसिंगपूरहून*

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत ही दोन वेगळी कामं धरली आहेत. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची. बँड नावाचा माणूस त्यात नाही. रेकॉर्डिंगचा हक्क आणखी तिसरा, तो रेकॉर्डिंग करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. मोबाइलवर प्रॅक्टिस टेप केली म्हणून गाणं बँडचं होत नाही, पण बँडच्या पैशानं स्टुडिओत केलेला ट्रॅक तू उचलून वापरू शकत नाहीस. रिफचं म्हणशील तर गिटारिस्टला विचार, नाहीतर नवा बसव. मी नवाच बसवला असता. दुसऱ्याच्या रिफवर उभं केलेलं गाणं गाताना त्याचंच तोंड समोर येतं.

गाणं नाकारलं म्हणून बँड सोडायचीही गरज नाही. फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये लिहिणारे तिघं, त्यामुळं स्टीव्ही निक्सची गाणी साचत गेली. तिनं ती १९८१ मध्ये स्वतःच्या अल्बममध्ये काढली, अमेरिकेत तो पहिल्या नंबरला गेला, आणि पुढच्या वर्षी बाई परत बँडच्या अल्बमवर हजर. तू पुढच्या गाण्यापासून एक कर: गाणं तयार झालं त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घे. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. आणि वाटणीवरून रोजच भांडणार असाल तर क्वीनसारखं करा. त्यांनी १९८९ च्या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकली.

माझा मेटल बँड आहे. आजोबांच्या भजनी मंडळानं गिटार घेऊन बोलावलंय. मला जायचंय, पण पेटीवाले काका 'काळी चार' म्हणाले तेव्हा नुसती मान डोलावली. बँडवाल्यांना अजून सांगितलेलं नाही.
*मंगळवार पेठ*

सांगून टाक, यात लपवण्यासारखं काय आहे? रेडिओहेडचा तोच जॉनी ग्रीनवुड जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी कव्वाल, मांगणियार आणि बँडबाजावाल्यांच्यात बसून वाजवत होता. त्या कामाचा अल्बम २०१५ मध्ये आला. चाली शाय बेन त्झूर या इस्रायली संगीतकाराच्या, ग्रीनवुड बहुतेक वेळ मागं राहून साथ करणारा. जॉर्ज हॅरिसननं तर जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, आणि एका बीटलनं बीटल्सच्या बाहेर काढलेला तो पहिला अल्बम.

आता काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लाव आणि जी मेजरच्या जागा धर. काळी एक म्हणाले तर कॅपो तिथंच, जागा सीच्या. काळी पाचला जागा ए मेजरच्या. पेटी जुनी असेल तर ती ट्यूनरच्या ४४० ला जुळेलच असं नाही. ट्यूनर खिशात ठेव, काकांना सा धरायला सांग आणि कानानं तारा लाव.

पूर्ण कॉर्ड खडखडवू नको. त्यातला गंधार अभंगाच्या चालीशी भांडतो. तुला पॉवर कॉर्ड येतो, तो म्हणजे सा आणि पंचम. डिस्टॉर्शन बंद करून तोच हळू वाजव, निम्मी भजनं त्यात निघतील. मालकंस आला की पंचमही नको, तिथं सा आणि मध्यम. पखवाजावर आवाज चढवू नको. आणि पहिल्या बैठकीला ॲम्प घरीच ठेव, आजोबांच्या गुडघ्याला लागून बसायचंय तुला.