आधी कवडसा, मग सूत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडसाठी जमवलेल्या चौदा पुस्तकांची यादी तू पाठवली आहेस आणि त्यांतले कोणते आधी वाचावे, कृष्णविवरांचे प्रकरण आत्ताच करावे का, कोणत्या भागाला जास्त गुण असतात, असे तीन प्रश्न विचारले आहेस. या तिन्हींपेक्षा मोलाचे वाक्य तू शेवटी सहज लिहून गेलीस: मे महिन्याची सुट्टी आजोळच्या कौलारू घरात चालली आहे आणि दुपारी वहीवर कवडसे पडतात म्हणून जागा बदलावी लागते. जागा बदलू नकोस. तो कवडसा मोज.

कौलांमधली फट वेडीवाकडी असली तरी पुरेशा अंतरावर पडलेला कवडसा गोल दिसतो, कारण ती फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. सकाळी तिरप्या उन्हात जमिनीवर तो लांबट होतो. म्हणून कागद किरणाला काटकोनात धरावा लागतो. मे महिन्यात कोकणात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा मात्र जमिनीवर सपाट ठेवलेला कागदही चालतो. फटीवर 4 मिलिमीटरचे छिद्र पाडलेला पुठ्ठा लाव. छिद्रापासून कागदापर्यंत 2.8 मीटर अंतर असेल, तर कवडसा सुमारे 30 मिलिमीटरचा भरेल. त्यातून छिद्राचे 4 वजा केले की 26 उरतात. 2800 ला 26 ने भागलेस की 108 च्या जवळपास आकडा येतो. म्हणजे सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे 108 पट दूर आहे, आणि हे तू कोणाच्याही पुस्तकावर विश्वास न ठेवता सांगू शकतेस.

आता पुढे जा. पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे 1361 वॅट ऊर्जा पोहोचते. अंतर व्यासाच्या 108 पट, म्हणजे त्रिज्येच्या 216 पट असेल, तर सूर्याच्या पृष्ठभागावरचा ऊर्जेचा प्रवाह याच्या 216 च्या वर्गाइतका पट असला पाहिजे. हा प्रवाह तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, असे सांगणाऱ्या स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमात तो घातलास की सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान 5,800 केल्विनच्या आसपास येते. केप्लरचा तिसरा नियम (कक्षेच्या कालावधीचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात), गुरुत्वस्थिरांक, वर्षाची लांबी आणि तोच कवडसा एवढ्यावर सूर्याची सरासरी घनताही निघते: पाण्याच्या सुमारे 1.4 पट. त्यासाठी सूर्याचे किलोमीटरमधले अंतर माहीत असावेच लागत नाही. ते का लागत नाही, हे कागदावर मांडून पाहा. त्या एका मांडणीत कक्षा, प्रारण आणि कोनीय व्यास असा अभ्यासक्रमाचा मोठा भाग येऊन जातो.

मी इतका हट्ट का धरतो, तेही सांगतो. एमएस्सीला असताना प्रकाशमापनाचा एक प्रयोग माझ्याकडे होता. सूत्रे मला तोंडपाठ होती. ताऱ्यांची तेजस्विता ज्या मापाने सांगतात त्या प्रतींपैकी पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभर पट, हे मी झोपेतही सांगितले असते. पण आकाशाखाली उभे राहण्याची सवय नव्हती. सलग सहा रात्री मी रोहिणी म्हणून ज्या लालसर ताऱ्यावर दुर्बीण रोखली, ती मृग नक्षत्रातली तशीच लालसर काक्षी होती. सातव्या दिवशी वही तपासताना ते कळले आणि सगळी मोजमापे रद्द झाली. सहा रात्रींचे दुःख आता उरलेले नाही. वर्षानुवर्षे जे मी शिकलो असे मानत होतो, ते शिकलोच नव्हतो, हे मात्र अजून बोचते. तेव्हापासून स्वतः मोजल्याशिवाय मी विद्यार्थ्याला एकही नियम वहीत उतरवू देत नाही. यामुळे माझा वर्ग मागे राहतो, असे पालक म्हणतात आणि काहींनी मुले काढूनही नेली. तरीही माझी पद्धत मी बदललेली नाही, बदलणारही नाही. जी मुले राहिली, त्यांना अपरिचित प्रश्नासमोर घाम फुटलेला मी पाहिलेला नाही.

तुझी गुणांची काळजी मला समजते, पण तिच्यात वेळ घालवू नकोस. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लेखी प्रश्नांबरोबर विदा-विश्लेषण (दिलेल्या मोजमापांवरून निष्कर्ष काढणे) आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांचीही परीक्षा असते. तिच्या अभ्यासक्रमातच म्हटले आहे की उत्तरांना कलनशास्त्राची गरज पडू नये. स्थिरांकांचा तक्ताही दिला जातो. म्हणजे पाठांतराचे ओझे त्यांनीच उतरवले आहे आणि तू ते पुन्हा डोक्यावर घेते आहेस! कृष्णविवरे राहू देत. गोलीय त्रिकोण, खगोलीय निर्देशक, कक्षा, प्रारणाचे नियम, प्रती आणि अंतर यांचे नाते, दुर्बिणीचे प्रकाशशास्त्र, लॉगरिदमी आलेख आणि मोजमापातली त्रुटी एवढे पक्के कर. विश्वरचनाशास्त्र शेवटी, थोडेसेच. त्रुटीकडे मुले सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. तुझा कवडसा अर्ध्या मिलिमीटरने चुकला तर तापमान किती चुकेल आणि घनता किती, हे काढ. घनता जास्त का बिघडते, ते लगेच दिसेल.

रात्रीही मोजायचेच आहे. हात लांब केला की मूठ सुमारे 10 अंश व्यापते. ध्रुव क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते पाहा, आजोळचे अक्षांश हाती येतील. एखादा तारा ठरावीक झाडामागे कधी जातो, ती वेळ रोज लिही. तो रोज सुमारे 4 मिनिटे लवकर जाईल. ताऱ्यांवरून मोजलेला नाक्षत्र दिवस 23 तास 56 मिनिटांचा, हे वाक्य तेव्हा तुझे होईल. पावसाळ्यानंतर गुरू सोयीच्या वेळी दिसू लागला की दुर्बिणीतून त्याच्या चार मोठ्या चंद्रांच्या जागा महिनाभर वहीत काढ. गुरूभोवती एका फेरीला त्यांतल्या आयोला सुमारे 1.77 दिवस लागतात, कॅलिस्टोला 16.7. कालावधींच्या गुणोत्तराचा वर्ग आणि अंतरांच्या गुणोत्तराचा घन तुझ्याच आकड्यांवरून जुळव. ते जुळेपर्यंत पुढचे प्रकरण उघडू नकोस.

हाच कवडसा जानेवारीतही मोजायचा आहे. पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ असते, त्यामुळे 2.8 मीटरवर तो आजच्यापेक्षा जेमतेम पाऊण मिलिमीटर मोठा भरेल. साध्या पट्टीने तो फरक खात्रीने पकडता येणार नाही. त्यासाठी अंतर किती वाढवावे लागेल, याचा विचार आतापासून कर.

पुढच्या पत्रात पुस्तकांची यादी नको. छिद्राचा व्यास, कागदापर्यंतचे अंतर, घड्याळातली वेळ आणि कवडशाची निदान दहा वेगवेगळी मोजमापे पाठव. ती एकमेकांशी जुळत नसली तरी एकही खोडू नकोस, आणि कागद किरणाला काटकोनात होता की नव्हता, हेही लिही.

तुझा हितचिंतक