गादी घेण्याआधी गुडघ्यापर्यंतची उंची मोजा

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. अंगाने बारीक, पाठीत बाक आलाय, दोन्ही गुडघे दुखतात. काठी घेऊन घरात चालतात. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. गेल्या महिन्यात पहाटे पलंगाच्या कडेला बसल्या आणि तिथूनच घसरून खाली आल्या. हाड मोडलं नाही, पण घाबरल्या आहेत. त्यांची काथ्याची गादी जुनी झालीय, मधोमध खड्डा पडलाय. यजमान म्हणतात पाठीला कडक गादीच चांगली. नणंद म्हणते मेमरी फोम घ्या. शेजारचे काका हवेची गादी सुचवतात. नक्की काय घ्यावं?

उत्तर : तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली. सासूबाई झोपेत पडल्या नाहीत, उठताना पडल्या. म्हणून गादी बघताना त्या तिच्यावर झोपतील कशा याच्या आधी, तिच्यावरून उठतील कशा हे बघा.

मी ३१ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, तरी हे मला कळलं ते माझ्या आईच्या वेळी, आणि तेही उशिरा. तिला आराम मिळावा म्हणून मी दहा इंच जाडीची मऊ गादी आणली आणि जुन्याच पलंगावर टाकली. आई म्हणाली, ‘छान आहे गं.’ आठवड्याभराने लक्षात आलं की संध्याकाळनंतर ती पाणीच पीत नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून! कडेला बसली की तिच्या पायाची बोटं तेवढी जमिनीला लागायची, टाचा अधांतरी. मी हौसेने आणलेली गादी, म्हणून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ती गादी मी काढली. पण तो आठवडा मला अजून बोचतो. म्हणून सांगते, सासूबाईंना ‘बरी आहे का’ एवढंच विचारू नका. त्या उठताना तिथे उभ्या राहा आणि पायांकडे बघा.

आता मोजमाप. रात्री त्या ज्या चपला घालतात त्या घालून त्यांना खुर्चीवर बसवा, तळपाय पूर्ण टेकलेले हवेत. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची टेपने मोजा. पलंग आणि गादी मिळून, त्या बसल्यावर दबून जी उंची उरते, ती या मापाएवढी किंवा इंचभर जास्त असावी. गुडघे दुखणाऱ्याला तो एक इंच उठताना मदत करतो, मात्र टाचा टेकायलाच हव्यात. फार खाली बसावं लागलं तर सगळा भार गुडघ्यांवर येतो. या उंचीतून पलंगाची उंची वजा करा, म्हणजे दबल्यावर गादी किती जाड उरायला हवी ते समजेल. पलंगच उंच असेल तर गादी पातळ करत बसण्यापेक्षा पलंगाचे पाय कमी करून घेतलेले बरे.

दुसरी गोष्ट म्हणजे गादीची कड. नवीन गादीच्या अगदी कडेला तुम्ही स्वतः बसून बघा. कड बसली आणि मांड्या पुढे उतरत्या झाल्या, तर ती गादी नको, बाकी कितीही छान असो. मधला खड्डा चढून कडेला यायचं आणि कडेनेही दगा द्यायचा, असं तुमच्या जुन्या गादीवर होत असणार.

यजमानांचं म्हणणं पूर्वी डॉक्टरही सांगायचे. पण २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला. त्यातून सासूबाई बारीक, पाठीत बाक. फळीसारख्या गादीवर त्यांचे खुबे, खांदे आणि माकडहाड टोचत राहील. खाली पक्का थर आणि वर दीड-दोन इंच मऊ थर, अशी गादी मी निवडीन. त्या उताण्या झोपल्या की कमरेखाली हात सरकवून बघा. हात मोकळा आरपार गेला तर गादी कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. पाठीच्या बाकामुळे मान मागे पडत असेल तर तिथे उशीच लागेल, गादीने ते काम होत नाही.

फोम घेताना घनतेचा आकडा सांगतात, ३२ किंवा ४० वगैरे. एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, मऊ की कडक ते कळत नाही. दोन्ही वेगवेगळं विचारा.

मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि शरीर त्यात रुतून बसतं. तुम्हा-आम्हाला ते सुखाचं वाटतं. ज्यांच्या अंगात ताकद कमी आहे त्यांना त्या साच्यातून कूस बदलायला जोर लागतो, आणि कंपवाताने अंग ताठरलेल्यांना तर फारच. वरचा पातळ थर मेमरी फोमचा चालेल, अख्खी जाड गादी नको.

हवेची गादी चालत्या-फिरत्या माणसासाठी नाही. तिची कड डगमगते, आणि सासूबाई पडल्यात त्या कडेवरूनच.

निवडायला त्यांना सोबत न्या. रोज ज्या कुशीवर झोपतात त्याच कुशीवर पंधरा मिनिटं पडू द्या, मग एकटीने उठू द्या. मदतीला हात पुढे करायचा मोह होईल, करू नका, फक्त जवळ उभ्या राहा. पलंगाला कठडा असेल तर गादी बदलल्यावर तो पुन्हा तपासा. जाड गादीने कठडा ठेंगणा होतो, आणि गादी व कठड्यामधल्या फटीत हात किंवा डोकं अडकू शकतं. खोळ पाणी अडवणारी पण हवा खेळू देणारी घ्या, रेक्झिनवर घाम साचतो.

पडल्याचं डॉक्टरांना सांगितलंत का? नसेल तर सांगा. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते, काही औषधांनी जास्तच. मिनिटभर कडेला बसूनच उभं राहायचं, ही सवय त्यांना आजपासून लावा.

प्रश्न : वडील पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळले आहेत. पंपाची हवेची गादी आणली, तरी माकडहाडावर लाल डाग दिसतोय. या गादीवरही कूस बदलावी लागते का?

उत्तर : हो, बदलावीच लागते. गादी दाब कमी करते, पण कूस बदलण्याचं काम ती करत नाही. साधारण दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर वळवलं तर भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवा.

पंपावरचा आकडा वडिलांच्या वजनाप्रमाणे लावलाय का, ते बघा. मग त्यांच्या बुडाखाली, हवेच्या गादीच्या खालून तळहात वर करून सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वर एकच पातळ चादर असू द्या. चौघडी गोधडी आणि प्लास्टिक घातलं की गादीचा उपयोग संपला.

तो डाग बोटाने दाबा. दाबल्यावर फिका पडला नाही तर आतल्या कातडीला इजा सुरू झालीय, आजच डॉक्टरांना दाखवा. सावळ्या रंगावर फरक चटकन दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून ती जागा गरम किंवा घट्ट लागते का तेही बघा. तिथे चोळू नका, भोकाची गोल उशीही देऊ नका, तिने कडेचा रक्तपुरवठा दबतो. भरवताना त्यांना नीट उठवून बसवायचंच, पण इतर वेळी उशाकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलून ठेवू नका. माणूस खाली घसरत राहतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते.

आणि मोजे काढून टाचा बघा. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा गादीला लागता कामा नयेत.