फाइलमधली मोटर आणि शॉपवरची मोटर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. निर्यातीच्या मोटरांचं सर्टिफिकेशन तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. सगळीकडे चालेल असं एकच सर्टिफिकेट मिळेल का, असं तू विचारलंस. नाही मिळणार. मोटर तीच असली, तरी तिची हमी कुणी द्यायची हे प्रत्येक बाजारात वेगळं ठरतं.

युरोपात साध्या लो-व्होल्टेज मोटरवर सीई चिन्ह, म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो याची खूण, आपणच लावतो. चाचण्या आपल्या, टेक्निकल फाइल आपली, डिक्लरेशनवर सहीही आपली. बाहेरचं कुणी तपासायला येत नाही, म्हणून लोकांना हे सोपं वाटतं. मला तेच जास्त अवघड वाटतं. ती फाइल दहा वर्षं जपायची असते आणि कुणी मागितली की त्यातल्या प्रत्येक आकड्याला आपण उत्तर द्यायचं असतं. स्फोटक वायूच्या जागी जाणाऱ्या फ्लेमप्रूफ मोटरला मात्र आपली सही पुरत नाही. तिथे नोटिफाइड बॉडीचं, म्हणजे बाहेरच्या सरकारमान्य तपासणी संस्थेचं, प्रमाणपत्र लागतं. आपल्या देशात तिला पेसोची, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी घ्यावी लागते, त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचं किंवा तशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचं चिन्ह मागतात, आणि त्यांचा इन्स्पेक्टर न कळवता कारखान्यात येतो. तो शॉपवरची, म्हणजे कारखान्यात बनत असलेली, मोटर मंजूर फाइलशी ताडून बघतो.

आमच्याकडे एकदा वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांवर, इन्सुलेशनसाठी चढवायच्या व्हार्निशचा पुरवठा थांबला. परचेस खात्याने दुसऱ्या कंपनीचं आणलं, तेही क्लास एफ, म्हणजे 155 अंश उष्णता सोसणारंच. जास्त व्होल्टेज देऊन करायची एचव्ही टेस्ट पास, तापमानवाढ मर्यादेत. मी होकार दिला. पुढच्या भेटीत इन्स्पेक्टरने ड्रमवरचं नाव वाचलं, फाइल उघडली आणि त्या मोटरांवर चिन्ह लावणं तिथेच थांबवलं. तयार माल अडकला. मला राग आला होता, पण चूक माझीच होती. यूएल 1446 या मानकात वायरवरचा इनॅमलचा थर, स्लॉट लायनर म्हणजे खाचेतलं इन्सुलेशनचं अस्तर, आणि व्हार्निश यांची एकत्र पारख होते. महिनोन्‌महिने उष्णतेत ठेवून ते एकमेकांना बाधतात का, हे पाहिलेलं असतं. सुटं सुटं सगळं 155 चं असलं, तरी नवं व्हार्निश जुन्या इनॅमलला हळूहळू खाऊ शकतं. एचव्ही टेस्टमध्ये 415 व्होल्टच्या मोटरला आपण 1830 व्होल्ट एक मिनिट देतो. महिन्यांनी होणारा तो बिघाड त्या मिनिटात कसा दिसणार? आणि अशी वाइंडिंग जळते ती गिऱ्हाइकाकडे, माणसं आजूबाजूला असताना.

म्हणून मानकं पाठ करण्याआधी परचेसशी बोल. इन्सुलेशनमधली कुठलीही वस्तू, अगदी तारेवरची नळी म्हणजे स्लीव्हसुद्धा, तुझ्या सहीशिवाय बदलता येणार नाही असं सिस्टीममध्ये बसवून घे. डिलिव्हरीची घाई असेल तेव्हा तुझ्यावर दबाव येईल. तेव्हाही सही रोखून धर.

सोमवारी फाइलची प्रत घेऊन व्हार्निशच्या टाकीपाशी जा आणि ड्रमवरचं नाव स्वतः वाच. काय सापडलं ते मला कळव.

तुझे,
काका