ग्वाल्हेरच्या थंडीत शेगडी आणि गॅस गीझर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात तुमचा हा पहिलाच हिवाळा, म्हणून लिहितो. धूर थांबून निखारे लाल झाले म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असे मानून दारे-खिडक्या लावून झोपू नये. कारण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तेव्हाही तयार होत असतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेरच बसवावा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरली, तर तो बंद करून कारागीर बोलवावा. आमच्याकडे बर्नरमध्ये चक्क कोळ्याचे जाळे निघाले होते. डोके दुखून मळमळू लागल्यास पित्त समजून पडून न राहता सर्वांनी आधी उघड्यावर यावे आणि १०८ ला फोन करावा.