तलाव हिरवा का होतो, मैदान कोणाचं, आणि उन्हाळी शिबिराची तयारी

नगरपालिका-महापालिकांचे तलाव, मैदानं, बागा आणि शिबिरं चालवणाऱ्यांची व वापरणाऱ्यांची पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. तलावाचं उत्तर लांबलं आहे. तिथली चूक जिवावर बेतते.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेचा २५ मीटरचा पोहण्याचा तलाव दर मे महिन्यात हिरवट होतो. रोज सकाळी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, तरी फरक नाही. पोहणारे म्हणतात, क्लोरीन जास्त झालाय, वास येतो, डोळे झोंबतात. पावडर कमी करावी की वाढवावी? (तलावावरील कर्मचारी, विदर्भ)

उत्तर : वाढवावी, पण आधी मोजावी. हिरवा रंग शेवाळाचा, म्हणजे पाण्यात मोकळा क्लोरीन उरलेला नाही. झोंबणारा वासही जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीन बांधला गेला की त्यातून तो उग्र वास सुटतो. असा बांधलेला क्लोरीन जंतू मारायच्या कामी जवळजवळ येत नाही. लोकांची तक्रार ऐकून पावडर कमी केली की वास वाढतो, आणि तक्रारही.

पाणीपुरवठ्याची माणसं करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट इथे पुरेशी नाही. तिच्या पिवळ्या रंगावरून मोकळा आणि बांधलेला क्लोरीन वेगळा काढता येत नाही. गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्या. त्यात पहिल्या गोळीवर मोकळा क्लोरीन कळतो आणि तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकल्यावर एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे बांधलेला. मोकळा १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), बांधलेला ०.४ च्या आत आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.६ असावा. पीएच ८ वर गेला तर मोकळ्या क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाचा राहतो. टीसीएलने पीएच वर सरकतो, म्हणून तोही रोज तपासायचा.

आता हिशोब. तलाव २५ बाय १२ मीटर आणि सरासरी खोली १.४ मीटर धरली तर पाणी ४२० घनमीटर, म्हणजे ४ लाख २० हजार लिटर. १ पीपीएम वाढवायला ४२० ग्रॅम क्लोरीन लागतो. टीसीएलमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर पावडर १.४ किलो. पण तोंड उघडं राहिलेली गोणी पत्र्याच्या खोलीत मार्चपासून पडली असेल, तर मे महिन्यात त्यात २० टक्केही उरलेला असतो की नाही, शंका आहे. मग तेवढ्याच कामाला २.१ किलो लागते. 'रोजचे दोन डबे' हा हिशोब नेमका इथे फसतो. गोण्या छोट्या, तारीख पाहून आणि महिन्यापुरत्याच घ्या.

दुसरी चूक वेळेची. सकाळी टाकलेला क्लोरीन भर उन्हात काही तासांत बहुतेक उडून जातो आणि शेवाळ दुपारी वाढतं. मोठा डोस रात्री, शेवटची बॅच बाहेर पडल्यावर द्या. पहाटे मोजा, लागेल तेवढीच भर घाला आणि दुपारच्या सुट्टीत पुन्हा मोजा.

हिरव्या झालेल्या पाण्यासाठी एक रात्र राखून ठेवा. बांधलेला क्लोरीन जितका, त्याच्या दसपट डोस. तो १ पीपीएम असेल तर डोस १० पीपीएमचा, म्हणजे आपल्या तलावाला १४ किलो टीसीएल. प्लास्टिकच्या पिंपात आधी पाणी भरायचं, मग पावडर थोडी थोडी सोडायची. उलट कधीच नाही. पावडरीतला चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी तेवढी तलावात सोडा. गाळासकट ओतलं तर पाणी पांढुरकं होतं आणि फिल्टरची वाळू चुन्याने आवळते. भिंती ब्रशने घासा आणि पंप रात्रभर चालू ठेवा. मोकळा क्लोरीन ३ च्या खाली आल्याशिवाय बॅच सोडू नका.

कुणी 'ट्रायक्लोरोच्या गोळ्या घ्या, सोप्या पडतात' असं सुचवेल. सोप्या आहेत, पण त्यातलं सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जातं. ते १०० पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन मोजणीत दिसतो, काम मात्र करत नाही, आणि तलावाचं थोडं पाणी बदलण्यापलीकडे उपाय उरत नाही. या गोळ्या आणि टीसीएल एका मापातसुद्धा एकत्र येता कामा नयेत. आग लागते, स्फोट होतो. खोल्या वेगळ्या, मापंही वेगळी.

सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे पंप ताशी ७० घनमीटरचा. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब गेजशेजारी रंगाने लिहून ठेवा. त्यावर अर्धा किलो (चौरस सेंटिमीटरला) चढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. सर्वांत खोल जागेची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद, मग रांगेत कोणीही उभं असो. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल जीवरक्षकाला दिसत नाही. शिकाऊ मंडळी असतील तर ३०० चौरस मीटरला एका बॅचला ६० जणांपुढे जाऊ नये, आणि शॉवरखालून गेल्याशिवाय काठावर येता येणार नाही अशी वाट बांधून घ्यावी.

लहान मुलाने पाण्यात शी केली तर : घट्ट असेल तर जाळीने काढून मोकळा क्लोरीन २ पीपीएमवर अर्धा तास ठेवा. जुलाब असेल तर तलाव बंद करा आणि २० पीपीएमवर सुमारे १३ तास ठेवा. काही परजीवी नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत.

प्रश्न : वस्तीत एकच मैदान. संध्याकाळी एका खाजगी क्रिकेट अकादमीला भाड्याने दिलंय. आमच्या पोरांना जागा नाही, कबड्डीचं मंडळ बाहेर आणि मुली तर दिसतच नाहीत. महापालिका म्हणते उत्पन्न लागतं. तोडगा आहे का? (नागरिक मंडळ, पुणे परिसर)

उत्तर : तोडगा वेळापत्रकात आहे, पण त्याआधी मोजणी. दोन आठवड्यांत एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडून सकाळी ६ ते रात्री ९ दर तासाला माणसं मोजा. वय, मुलगा-मुलगी आणि खेळ असे तीन रकाने पुरेत. हा कागद हातात असला की उद्यान किंवा क्रीडा विभागाशी बोलणं सोपं जातं. 'आमच्या मुलांना जागा द्या' या अर्जाला उत्तर येत नाही. 'संध्याकाळी ५ ते ८ मध्ये ४० जणांसाठी सगळं मैदान अडतं आणि १५० जण कठड्यावर बसतात' याला द्यावं लागतं.

मग आठवड्याचा तक्ता करा. आमच्या मते गर्दीच्या वेळेपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त भाड्याने जाऊ नये आणि रोज निदान दीड तास 'मुक्त वेळ' असावी, जिच्यात कोणाचंही आरक्षण चालणार नाही. अकादमीला पहाट आणि दुपार द्या. सिझनच्या बॉलचा सराव तसाही जाळीआडच व्हायला हवा, जॉगिंग करणाऱ्यांच्या मधे नव्हे. मुलींची वेळ उजेडात, साधारण ५ ते साडेसहा. त्या वेळी स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर दुसऱ्या आठवड्यात कोणी येत नाही. मुली न येण्याचं कारण आवड नसणं नव्हे, कुलूप आहे. किल्ली कोणाकडे आहे ते फलकावर लिहा.

कबड्डीला सगळं मैदान लागत नाही. पुरुषांचं पटांगण १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. चारही बाजूंनी साडेतीन मीटर मोकळे धरले तरी २० बाय १७ मीटरचा कोपरा पुरतो. पण मुरमावर कबड्डी म्हणजे सोललेले गुडघे. खडे वेचून, माती चाळून, थोडा लाकडाचा भुसा मिसळून तो कोपरा वेगळा करा आणि खेळाआधी पाणी शिंपडा. खो-खोचे खांब कायमचे पुरू नका, अंधारात धावणारा त्यावर आदळतो. जमिनीत झाकणाची खोबण बसवली की खांब काढता येतात.

लग्नकार्याला मैदान देत असाल तर अनामत मांडवाचे खड्डे बुजवून रोलर फिरवायच्या खर्चापेक्षा जास्त हवी. ती कमी असते, म्हणून खड्डे तसेच राहतात. पावसाने चिखल झाला असेल तर दोन दिवस बंदची पाटी लावा. ओल्या मातीत उमटलेल्या खाचा वाळून दगडासारख्या होतात आणि पुढे महिनाभर घोटे मुरगळतात.

प्रश्न : उन्हाळी शिबिराला नावनोंदणी २०० आणि हजर ९०. साहित्यही मे महिन्यात आलं. कुठे चुकलं? (क्रीडा विभाग, मराठवाडा)

उत्तर : साहित्याची निविदा फेब्रुवारीत निघाली नाही, तिथे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण नवी तरतूद हातात येईपर्यंत शिबिर निम्मं झालेलं असतं. वर्षाचा दरकरार (ठरलेल्या दराने लागेल तसा माल घ्यायचा करार) असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

गळती बहुतेक फुकट नोंदणीमुळे होते. १०० रुपये अनामत घ्या आणि ८० टक्के हजेरीला परत करा. ज्यांना तेही जड जातं त्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीवर माफी द्या. त्या घरांतली मुलं गळाली तर शिबिर कोणासाठी?

वेळ साडेसहा ते नऊ. नऊनंतर मराठवाड्याच्या उन्हात मूल पळवायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आठ ते बारा वयाच्या २० मुलांमागे एक प्रशिक्षक आणि प्रत्येक गटाला सावलीत पाण्याचा माठ. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं. पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट हा चुकीचा आणि घातक प्रकार सर्रास चालतो. प्रत्येक प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी ही पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) नियम २०२० नुसार अट आहे. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या सगळ्या संस्थांना ती लागू होते. ती मार्चमध्ये मागा, वेळ लागतो. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक मुलांना वाचता येईल एवढ्या अक्षरात लावा.

प्रश्न : बागेतली ओपन जिम सहा महिन्यांत खिळखिळी झाली. निकृष्ट माल? (वाचक, नाशिक)

उत्तर : असेलही. पण बहुतेक वेळा निविदेत बसवण्याचे पैसे असतात, देखभालीचे नसतात. बेअरिंगला दर महिन्याला ग्रीस आणि पायाच्या नटबोल्टना पाना लागतो. ते झालं नाही की सांधा डुगडुगतो, तो डुगडुगला की वेल्डिंग तडकतं. निविदेत तीन वर्षांची देखभाल वेगळ्या ओळीत लिहून तिचं बिल तिमाहीने द्यावं. मोडलेल्या यंत्रावर 'बंद' लिहून भागत नाही, मुलं लोंबकळतातच. हलणारा भाग साखळीने बांधा किंवा काढून ठेवा.

प्रश्न : बागेत पहाटे साडेपाचला स्पीकर लावून झुंबा चालतो. तक्रार करता येते का? (ज्येष्ठ नागरिक, ठाणे)

उत्तर : येते. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असेल तर ती ५०. पोलिसांकडे जाण्याआधी बागेच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा, कारण बॅचची वेळ सहानंतर सरकवणं आणि स्पीकरचं तोंड इमारतींऐवजी बागेच्या आतल्या बाजूला वळवणं त्याच्याच हातात आहे. जागाही बदलायला सांगा. भिंतीलगतच्या कोपऱ्यात आवाज परतून दुप्पट त्रास देतो, हिरवळीच्या मधोमध तोच आवाज बराच विरतो.