रंगांधळ्या माणसाला जग कसं दिसत असेल? रंग दिसण्याचं मोल तुम्हाला कधी जाणवलं का?

मला ते रातांब्याच्या झाडाखाली जाणवलं.

माझा दादा रंगांधळा आहे, लाल-हिरव्याचा. आमचं घर कोकणात, परड्यात दोन रातांबे. मे महिन्यात फळं लाल झाली की पावसाच्या आधी आमसुलं वाळवायची घाई. लहानपणी मी अंगणातूनच ओरडायचे, "दादा, केवढे पिकलेत बघ!" तो झाडाकडे बघत उभा राहायचा. त्याला नुसती पानंच दिसायची. फळ पिकून काळपट जांभळं झालं तर दिसे, नाहीतर फांदी न् फांदी हाताने चाचपायची आणि मऊ लागेल ते काढायचं. आम्हाला वाटे, कामाचा कंटाळा करतोय. तसं त्याला बोललेही आहे मी, आणि ते मला आजही खुपतं.

बहुतेक रंगांधळ्यांचं जग काळं-पांढरं नसतं. दादाला निळा दिसतो, पिवळा दिसतो. लाल, हिरवा, तपकिरी मात्र एकमेकांत मिसळून जातात. गवतात गेलेला लाल चेंडू पायाला लागला तरच सापडायचा. चार्जरचा दिवा लालचा हिरवा झालेला त्याला कळत नाही. सिग्नलला दिवा वरचा लागलाय की खालचा, एवढं तो बघतो.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. लाल-हिरव्यातला फरक ज्या दोन प्रकारांमुळे कळतो, त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यात दोष असला तर सावरायला दुसरा नाही, म्हणून हे पुरुषांत जास्त आढळतं. आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मिरच्या निवडायला नेहमी आजीला बसवत. त्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा लागला. आई अजून स्वतःला दोष देते. तिचा यात काय दोष?

दादाचं कळलं ते विशीत, एका भरतीच्या वैद्यकीय तपासणीत. रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचायचा असतो. ही तपासणी जपानच्या डॉ. शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली आणली. दादाने विचारलं, "यात आकडा कुठे आहे?" नोकरी तिथेच गेली. जिथे सिग्नलच्या रंगावर माणसांचे जीव अवलंबून आहेत तिथला नियम मला पटतो. पण सगळीकडे सरसकट दार लावून घेणं हा अन्यायच. आता थोडं बदलतंय. २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळू शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेला, सांगितलं की रंगांधळ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही अभ्यासक्रमातून वगळू नका. ती बातमी मी दादाला दोनदा वाचून दाखवली.

तुम्हाला कल्पना करून बघायची असेल तर संध्याकाळी दिवे न लावता लाल जास्वंदीपाशी बसा. उजेड कमी होत गेला की शंकुपेशी मागे पडतात आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी पुढे होतात. त्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून आधी फूल काळं पडतं, पानं मात्र त्याहून उजळ राहतात. दादाला दिसतं ते नेमकं असं नाही, पण रंग डोळ्यांसमोरून निघून जातो म्हणजे काय होतं ते कळतं. मी पहिल्यांदा असं बसले तेव्हा घशात आवंढा आला होता.

आता मे महिन्यात आमची कामं वाटलेली असतात. दादा झाडावर चढतो, मी खाली उभी राहून सांगते, "डाव्या हाताला, कोपराच्या वर एक. त्याच्या मागे अजून दोन."